डोळ्यांखालचे काळे, पापणीतले पांढरे

"डॉक्टरसाहेब, हिच्या डोळ्यांखालचं काळं तेवढं घालवून द्या. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत." बावीस वर्षांच्या मुलीला पुढे करीत आई म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसली होती. आधीच्या एका स्थळाकडून 'मुलगी आजारी दिसते' असा निरोप आला होता, हे आईने नंतर हळू आवाजात सांगितले.

अशी तक्रार घेऊन महिन्याला चार-पाच जण तरी माझ्याकडे येतात. पूर्वी मी सर्वांना एकच उत्तर देत असे : जागरण करू नका, काळजी करू नका. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. त्या अपुरेपणात एक-दोघांचे खरे दुखणे तपासायचे माझ्याकडून राहूनही गेले. म्हणून आज हा विषय.

डोळ्यांभोवतीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ कातडी होय. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे आतला स्नायू आणि निळसर शिरा बाहेरून दिसतात. जागरणाने चेहरा फिकट पडला की त्या अधिकच उठून दिसतात. काहींच्या मात्र कातडीतच रंगद्रव्य जास्त असते. ते बहुधा आईवडिलांकडून आलेले असते आणि आपल्या सावळ्या वर्णात अगदी सर्रास आढळते. चाळिशीनंतर डोळ्याखाली खळगा होतो. तिथे काळे काही नसते, नुसती सावली पडते.

यातले आपले कोणते, हे घरीही साधारण कळते. आरशासमोर बसून समोरून टॉर्चचा प्रकाश पाडा. काळेपणा नाहीसा झाला तर ती सावली. बोटाने कातडी हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर तो कातडीतला, निळसर छटा वाढली तर शिरांचा.

लहान मुलांचे कारण बहुतेक वेळा नाकात सापडते. सकाळी उठल्याबरोबर शिंका, नाक चोंदलेले, दिवसभर डोळे चोळणे. ही अॅलर्जीची सर्दी बरी केली आणि चोळणे थांबले की डोळेही सुधारतात. मोठ्यांमध्ये केसांचा काळा रंग सोसत नसल्यामुळेही चेहऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळे पडलेले मी पाहिले आहे.

काकडीच्या चकत्या ठेवाव्यात का, असे भगिनी हमखास विचारतात. जरूर ठेवा. थंडाव्याने शिरा आकसतात आणि तासभर बरे दिसते. थंड पाण्याची घडी ठेवली तरी तेच काम होते. लिंबू मात्र डोळ्याजवळ नेऊ नका. त्याने आग होते, कातडी चिडते आणि बरी होताना पूर्वीपेक्षा काळी पडते.

आता त्या मुलीकडे वळू. "काही लावतेस का?" असे विचारल्यावर तिने पर्समधून चेपलेली ट्यूब काढली. मैत्रिणीने सांगितली, दुकानातून आणली, पाच महिने रोज रात्री लावली. पहिले पंधरा दिवस रंग उजळला. आता एक रात्र चुकली तरी आग होते. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. अशा मलमाने आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते आणि आतल्या शिरा जास्त दिसू लागतात. म्हणजे जे घालवायचे तेच वाढते. शिवाय पापण्यांवर महिनोन्‌महिने लावल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये केला. नियम असला तरी ट्यूब मुलीच्या पर्समध्ये पोहोचलीच होती. मी तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. दाब ठीक निघाला, हे नशीब.

मग मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग लालगुलाबी असायला हवा, तो कागदासारखा पांढरा होता. "जिना चढताना दम लागतो का?" लागत होता. "पाळी किती दिवस जाते?" मुलीऐवजी आईच म्हणाली, "आठ-नऊ दिवस. पण आमच्याकडं सगळ्यांचंच तसं असतं." हिमोग्लोबिन 7.8 आले. तिच्या वयाच्या स्त्रीचे ते किमान 12 हवे.

ही मुलगी अपवाद नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने काळे डाग तयार होतात असे नव्हे. चेहरा पांढरा पडतो, म्हणून असलेले काळे डोळ्यांत भरते.

तिला लोहाची एक गोळी रोज सुरू केली. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळ होत असेल तर दिवसाआड घ्यावी, पण बंद करू नये. गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबाची खरी जागा इथे, जेवणाच्या पानात. जंताचे औषधही दिले आणि एवढे रक्त का जाते हे पाहण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. गोळ्यांनी महिन्याभरात तरतरी येते आणि लोक तिथेच थांबतात. हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, तेव्हा अंगातला साठा भरतो.

ट्यूब आम्ही हळूहळू सोडविली. पाहुण्यांची तारीख आईने कुरकुरत का होईना, पुढे ढकलली. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.6 झाले, दम थांबला. डोळ्यांखालचे काळे निम्म्याने कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. "एवढं राहिलंच की हो," आई म्हणाली. मी त्यांना आरशासमोर लेकीशेजारी उभे केले. दोघींच्या डोळ्यांखाली तीच वर्तुळे! मुलगी पहिल्यांदाच हसली.

तेवढ्यात मला सुचले आणि आईचीही पापणी खाली ओढून पाहिली. त्यांचे हिमोग्लोबिन 9 निघाले. आता दोघी एकाच डबीतल्या गोळ्या घेतात.