शहराला मैदान कशाला हवे?

मे महिन्यातील भर दुपारी लालबागला भारतमाता चित्रपटगृहासमोर बसची वाट पाहत तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? वरून ऊन, खालून तापलेला रस्ता आणि बाजूने भिंतींची धग! तेथून बसने दादरला जा आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एखाद्या पर्जन्यवृक्षाखाली बसा. किती बरे वाटते! सूर्य तोच, दुपारही तीच. मग हा फरक कशामुळे पडतो?

पहिले कारण म्हणजे सावली. पाने ऊन वरच्यावर अडवितात. त्यामुळे खालची जमीन फारशी तापत नाही. पण सावली तर ताडपत्रीचीही पडते. झाड त्याहून अधिक काही करते. मुळांनी शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते व ती पानांतून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. हिशेब करून पाहा. एक लिटर पाणी पानांतून उडून गेले, की एक किलोवॅटची विजेची शेगडी 40 मिनिटांत जेवढी उष्णता देईल, जवळजवळ तेवढी उष्णता खर्ची पडते! मुंबईच्या दमट हवेत ही क्रिया कोरड्या हवेइतक्या जोराने चालत नाही, हे खरे. तरीही ताडपत्री तापून खाली धग सोडते, तर पान स्वतःला थंड राखते.

पण हे पाणी झाडाला मिळावे कोठून? जमिनीतून. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले, तर मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही.

मोकळ्या जमिनीचे दुसरे काम पावसाळ्यात दिसते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. शिवाजी पार्कचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 13 हजार चौरस मीटर. तेथे 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 कोटी 13 लाख लिटर पाणी पडेल. फरसबंदी असती, तर ते जवळजवळ सगळे गटारात गेले असते. माती त्यातील काही पिते. ती भुसभुशीत व गवताने झाकलेली असेल तर अधिक, तुडवून घट्ट झालेली असेल तर कमी.

मग अशी जागा सर्वत्र का नाही? याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्यांचे दुष्परिणाम सर्वांच्या लक्षात आले. 1898 साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. गिरगाव चौपाटीकडून पूर्वेकडे जाणारा सँडहर्स्ट रोड समुद्राचा वारा वस्तीत यावा म्हणून रुंद काढला गेला. दादर-माटुंग्याची आखणी करताना बागांसाठी आधीच जागा राखली. 1925 साली शिवाजी पार्कचे मैदान लोकांसाठी खुले झाले.

लालबाग-परळच्या गिरणगावात मात्र गिरण्या व चाळी खेटून उभ्या होत्या. 1982 च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि मोकळ्या जागेची संधी चालून आली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले : एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला. ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते, तेवढ्याच जमिनीतून वाटे काढावयाचे ठरले. समजा, गिरणी 15 एकरांची आहे आणि त्यांतील 12 एकरांवर बांधकाम आहे. पहिल्या नियमाने मैदानाला सुमारे 5 एकर मिळाले असते. दुसऱ्याने सुमारे एक! प्रकरण न्यायालयात गेले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. मैदानाच्या जागी एकदा इमारत उभी राहिली, की तेथे पुन्हा मैदान होणे फार कठीण असते.

आता एक प्रयोग करा. दोन्ही बाजू उघडा असलेला पत्र्याचा डबा घ्या. कडांनी हात कापेल, म्हणून तो शिक्षकांकडून तयार करून घ्या. तो शाळेच्या मैदानात दोन बोटे खोल रोवा, त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि ते जिरण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहा. मग हाच प्रयोग झाडाखालच्या मऊ मातीत करा. शाळेजवळच्या रस्त्यावरील दहा झाडांचे बुंधेही पाहा. किती झाडांभोवती हातभर तरी माती उघडी आहे? वहीत तक्ता करा आणि वर्गात त्यावर चर्चा करा. तुमच्या विभागातील झाडांना पाणी का मिळत नाही, हे तो तक्ताच सांगेल.