आतला हुकमी माणूस बाहेर आणायचा का? जागा बदलण्याचं गणित

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून जो भाग घाईत उरकला तो इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा आणि एक वही जवळ ठेवा.

समजा, भुईगावात तुमचं घरगुती केकचं काम आहे. सुरुवात घरच्या ओव्हनपासून झाली. आता पुढच्या खोलीत छोटं काउंटर आहे, आत दोन माणसं आहेत. त्यातली एक ताई म्हणजे तुमचा हुकमी एक्का. हात साफ, वेळेत काम, नासधूस शून्य. नाताळ आणि लग्नसराई जवळ आली, काउंटरवर गर्दी वाढली आणि तुमच्या मनात आलं, "हिलाच बाहेर बसवू. एवढी हुशार आहे, जमवेल की!"

इथेच बरेच जण फसतात. आठवड्याभरात बाहेर ऑर्डरींचा गोंधळ होतो आणि आत केकची चव बिघडते. मग आपण म्हणतो, "माणूसच तसला निघाला." खरं म्हणजे माणूस तोच असतो. जागा बदलताना जे करायचं, ते आपण केलेलं नसतं.

ते काय, हे खेळातून चांगलं समजतं. खेळात माणसाची जागा बदलली की निकाल धावफलकावर दिसतो, तिथे लपवाछपवी नाही.

पहिलं उदाहरण: रोहित शर्मा

वसई रोडला लोकल पकडली की थोड्या वेळात बोरिवली येतं. तिथल्या स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड सर प्रशिक्षक होते. रोहित त्यांच्याकडे आला तो ऑफस्पिन टाकणारा मुलगा म्हणून. सरांनी त्याला फलंदाजी करताना पाहिलं आणि वर खेळायला पाठवलं. ही त्याची पहिली जागाबदल.

दुसरी मोठी जागाबदल भारतीय संघात झाली. रोहित 2007 मध्ये एकदिवसीय संघात आला. गुणवत्ता सगळ्यांना दिसत होती, पण मधल्या फळीत त्याचा जम बसेना. 2011 च्या विश्वचषकाच्या संघातही त्याला जागा मिळाली नाही. जानेवारी 2013 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध धोनीने त्याला सलामीला पाठवलं. त्याने 83 धावा केल्या. त्याच वर्षी चॅम्पियन्स करंडकात तो शिखर धवनबरोबर सलामीला खेळला आणि भारत जिंकला. नोव्हेंबर 2013 मध्ये 209 आणि नोव्हेंबर 2014 मध्ये 264. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता कसोटीचं बघा. तिथे तो आधी 27 सामने मधल्या फळीत खेळला. ऑक्टोबर 2019 मध्ये विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो पहिल्यांदा कसोटीत सलामीला गेला. त्याआधीच्या सराव सामन्यात तो शून्यावर बाद झाला होता! तरी निर्णय बदलला नाही. त्या कसोटीत त्याने 176 आणि 127 धावा केल्या आणि मालिकेत एकूण 529.

परदेशातलं पहिलं कसोटी शतक यायला मात्र सप्टेंबर 2021 उजाडलं. ओव्हलवर 127. म्हणजे नव्या जागेवर पूर्ण बसायला जवळजवळ दोन वर्षं गेली. तीही अशा माणसाची, ज्याच्या हातात कला आधीपासून होती.

त्याचं तेच काय राहिलं? टायमिंग, पुलचा फटका, मोठी खेळी करण्याची भूक. नवीन काय शिकावं लागलं? नवा चेंडू हलतो, तेव्हा ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायचा, पहिला तास संयमाने काढायचा. यादी लहान आहे, पण ती शिकल्याशिवाय सलामीवीर होता येत नाही.

दुसरं उदाहरण: हात टेकवून खेळणारा उभा राहतो तेव्हा

हे उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. आपल्या वसईत पोरं जो फुटबॉल खेळतात तो नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात, अंगावर संरक्षक कवच असतं आणि मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण असतात. घेतोय अशासाठी की आतला माणूस बाहेर आणणं म्हणजे काय, हे याच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

बचाव करणाऱ्या संघाची पहिली रांग समोरच्याला अगदी भिडून असते. त्या रांगेच्या टोकाला असतो डिफेन्सिव्ह एंड. तो वाकून, एक हात जमिनीला टेकवून तयार असतो. खेळ सुरू झाला की समोरच्या धिप्पाड गड्याला हटवायचं, आपली कड सांभाळायची आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गाठायचं. नजर जवळ, काम ठरलेलं.

काही संघ बचावाची मांडणी बदलतात. रांगेत चारऐवजी तीनच ठेवतात आणि मागच्या फळीत तीनऐवजी चार लाइनबॅकर. अशा वेळी हलक्या अंगाचा, चपळ डिफेन्सिव्ह एंड आउटसाइड लाइनबॅकर होतो. आता तो रांगेच्या बाहेरच्या अंगाला उभा असतो. हात जमिनीवर नाही, मान वर, समोर सगळं मैदान. क्वार्टरबॅकवर धावून जायचं जुनं काम आहेच. पण कधी कधी उलट मागे सरकायचं आणि चेंडू झेलायला निघालेल्या खेळाडूला अडवायचं. जावं की थांबावं, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं.

डीमार्कस वेअर हा यातला नामांकित खेळाडू. कॉलेजात तो डिफेन्सिव्ह एंड होता. 2005 मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला घेतलं, प्रशिक्षक बिल पार्सेल्स. संघ तीन-चारच्या मांडणीकडे वळत होता, म्हणून त्याला आउटसाइड लाइनबॅकर केलं. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं की त्याला सॅक म्हणतात. पहिल्या हंगामात वेअरचे 8 सॅक होते आणि 2008 च्या हंगामात 20. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये तो पहिला होता.

यात शिकण्यासारखं काय? त्याची मूळ ताकद होती क्वार्टरबॅकवर धावून जाणं. ती कोणी काढून घेतली नाही. नवी जागा तिच्याभोवतीच बांधली आणि वर तीन गोष्टी शिकवल्या जातात त्या अशा:

1. उभं राहणं. वाकून सुटणारा माणूस ताठ उभा राहिला की त्याचा जोर कमी होतो. म्हणून उभं राहूनही गुडघे वाकवून, खाली दबून राहायला शिकवतात.
2. बघणं. आधी फक्त समोरचा गडी. आता त्याच्या मागचा पळणारा, बाजूचा झेलणारा आणि क्वार्टरबॅकही.
3. मागे जाणं. जन्मभर पुढे धावलेल्याला हे सगळ्यात जड जातं. कंबर वळवायची, ठरलेल्या जागेपर्यंत मागे सरकायचं, चेंडूवर नजर ठेवायची.

शहाणे प्रशिक्षक या तिन्ही गोष्टी एकदम लादत नाहीत. सुरुवातीला बहुतेक वेळा त्याला त्याच्या ओळखीचं काम देतात, म्हणजे पुढे धावायचं. मागे सरकायची वेळ थोडी आणि आधी ठरवलेली. ती जमली की वाढवतात.

तिसरं उदाहरण: आपल्या जिल्ह्यातला शार्दूल

शार्दूल ठाकूर आपल्याच पालघरचा. तोही लाड सरांच्याच हाताखाली घडला. पण त्याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याची जागा बदलली नाही, त्यात भर पडली. तो गोलंदाजच राहिला आणि त्यावर फलंदाजी चढवली.

जानेवारी 2021, ब्रिस्बेनची कसोटी. भारत 6 बाद 186. शार्दूलने 67 केल्या, वॉशिंग्टन सुंदरने 62, दोघांची भागीदारी 123. त्याच सामन्यात शार्दूलने 7 बळीही घेतले. मार्च 2024 मध्ये रणजीच्या उपांत्य फेरीत तमिळनाडूविरुद्ध मुंबईचे 7 बळी 106 वर गेले होते. तिथून त्याने 109 केल्या.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या माणसाची मला जागा बदलायची आहे की कामात भर घालायची आहे? अनेक छोट्या धंद्यांना भर पुरते, आणि आपण उगाच बदली करून बसतो.

आता आपल्या काउंटरवर या

आत केक करणारी ताई म्हणजे हात टेकवून खेळणारा गडी. ऑर्डरची चिठ्ठी समोर, काम ठरलेलं, मान खाली. काउंटरवर मान वर करावी लागते. गिऱ्हाईक काय म्हणतंय, मागे कोण उभं आहे, फोन वाजतोय, आत किती माल उरलाय, कोणाला हो म्हणायचं, कोणाला "ताई, उद्या संध्याकाळी देते" म्हणायचं. हुशारी तीच आहे, पण नजर वेगळी लागते.

वही उघडा आणि हे पाच टप्पे लिहा.

टप्पा 1: ताकद लिहा. एका वाक्यात. "हिला केक आतून बाहेरून कळतो." मग नवं काम त्या ताकदीभोवती बांधा. सगळं काउंटर देण्याआधी फक्त लग्नाच्या आणि बारशाच्या मोठ्या ऑर्डरी द्या. किती किलो लागेल, कुठली सजावट प्रवासात टिकेल, हे तिच्याइतकं कोण सांगणार?

टप्पा 2: नव्या गोष्टी मोजा. तीनपेक्षा जास्त निघाल्या तर ती बदली नाही, तो नवा धंदा आहे. पैसे घेणं, ऑर्डर लिहून घेणं, नाही म्हणणं. आठवड्याला एकच शिकवा.

टप्पा 3: तिची जुनी जागा कोण भरणार? हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. धोनीकडे मधल्या फळीत इतर फलंदाज होते. तुमच्याकडे आत दुसरा हात तयार आहे का? नसेल तर आधी तो तयार करा. महिनाभर तिलाच शिकवू द्या.

टप्पा 4: खर्च मांडा. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, ती रोज 12 केक करते आणि एका केकमागे तुम्हाला 150 रुपये सुटतात. तिला एकदम बाहेर बसवलं आणि आतले 5 केक कमी झाले, तर 26 दिवसांचे 19,500 रुपये गेले. त्याऐवजी रोज फक्त दोन तास बाहेर बसवलं आणि 2 केक कमी झाले, तर महिन्याला 7,800, दोन महिन्यांचे 15,600. हा तुमचा शिकवण्याचा खर्च. तो आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात घाबरून निर्णय फिरवणार नाही. सराव सामन्यातल्या शून्यावरून निर्णय करायचा नसतो.

टप्पा 5: तिला विचारा. हा टप्पा शेवटी लिहिलाय, पण करायचा सगळ्यात आधी. काहींना आतली शांतता हवी असते, बाहेर बोलायचं टेन्शन येतं. "नाही" म्हणाली तर मान ठेवा. "हो" म्हणाली तर जबाबदारी वाढली की पगार किती वाढेल, ते त्याच दिवशी सांगा.

आणि परतीचा रस्ता ठेवा

वेअरच्या गोष्टीचा शेवटही ऐका. 2013 मध्ये डॅलसने मांडणी पुन्हा बदलली आणि त्याला परत डिफेन्सिव्ह एंड केलं. दुखापतीही होत्याच. त्या हंगामात त्याचे सॅक फक्त 6. पुढच्या वर्षी संघाने त्याला सोडलं. तो डेन्व्हरला गेला. 2015 च्या हंगामात तिथे तीन-चारची मांडणी आली, तो पुन्हा उभा राहून खेळू लागला आणि फेब्रुवारी 2016 च्या सुपर बोलमध्ये त्याने 2 सॅक केले. डेन्व्हर जिंकलं.

डॅलसला जो माणूस संपलेला वाटला, तो योग्य जागेवर जाऊन चॅम्पियन झाला. हे शेजारच्या दुकानात होऊ द्यायचं नसेल, तर दोन महिन्यांनी ताईबरोबर बसा आणि मोकळेपणी बोला. जमत नसेल तर ती सन्मानाने आत परत जाऊ शकते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. परत आत जाणं म्हणजे शिक्षा नव्हे, हे तिलाही कळलं पाहिजे आणि बाकीच्यांनाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव लिहा. त्यापुढे एक ताकद, तीन नव्या गोष्टी आणि त्याची जागा भरणारा दुसरा माणूस. एकटेच धंदा करत असाल तर स्वतःचं नाव लिहा. बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंतची जागाबदल आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी करावीच लागते. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तुमचं पहिलं काम तेच.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!