जुन्या मोटारीतील सदोष इन्स्ट्रुमेंट क्लस्टर : निदान, बदल व नोंदीचे उत्तरदायित्व

प्रस्तावना :
जुनी मोटार विकत घेताना ग्राहकाची नजर प्रथम जाते ती ओडोमीटरच्या आकड्याकडे. वेग, इंजिनाचे फेरे, इंधन व तापमान दर्शविणाऱ्या ज्या संचात हा आकडा दिसतो, त्यास 'इन्स्ट्रुमेंट क्लस्टर' किंवा बोलीभाषेत 'मीटर' म्हणतात. आधुनिक मोटारींत हा आकडा बहुधा क्लस्टरमधील स्मृतिचिपमध्ये साठविलेला असतो. त्यामुळे क्लस्टर बदलणे म्हणजे वाहनाच्या इतिहासालाच हात लावणे होय. प्रस्तुत लेखात या दुरुस्तीचे तांत्रिक व नैतिक असे दोन्ही पैलू विचारात घेतले आहेत.

दोषाचे निदान :
काटा बंद पडला म्हणजे क्लस्टरच बिघडला, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. सर्वच काटे व दिवे बंद असल्यास प्रथम फ्यूज, अर्थिंग व बॅटरी तपासावी. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दर्शविते. इंजिन चालू असताना हा दाब साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. एकच काटा बंद असल्यास सेन्सर, वायरिंग किंवा काटा फिरविणारी स्टेपर मोटर यांपैकी एक घटक सदोष असण्याची शक्यता अधिक. डॅशबोर्डवर थाप मारताच काटा हलू लागला, तर सोल्डरचे जोड सैल झाल्याचा संशय घ्यावा.

निर्णायक चाचणी स्कॅनरची होय. चालत्या मोटारीत स्कॅनर ताशी ६० किलोमीटर वेग दाखवीत असताना काटा शून्यावर राहिला, तर दोष क्लस्टरकडे जातो. स्कॅनरवरही शून्य दिसल्यास सेन्सर व वायरिंग तपासावे.

दुरुस्ती की बदल?
२००३ ते २००६ या काळातील शेवरोले सिल्व्हराडो या अमेरिकी पिकअपमध्ये स्टेपर मोटरींचा दोष विशेष आढळला. अशा वेळी केवळ मोटरी बदलल्या, तर मूळ नोंद अबाधित राहते. बदल अपरिहार्य असल्यास बॅटरीची ऋण तार काढून, भाग-क्रमांक जुळवून संच बसवावा व त्याचे कोडिंग करावे. फोक्सवॅगन समूहाच्या काही मोटारींत इमोबिलायझरची माहिती क्लस्टरमध्येच असते. तेथे दुसऱ्या गाडीचा संच तसाच बसविल्यास इंजिन सुरू होऊन क्षणार्धात बंद पडते.

नोंदीचा प्रश्न :
भंगारातून आणलेला संच आपल्यासोबत दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर घेऊन येतो. अमेरिकी संघीय कायद्यानुसार बदलानंतर मूळ आकडा कायम ठेवावा लागतो. ते अशक्य असल्यास ओडोमीटर शून्यावर आणून, पूर्वीचा आकडा व बदलाची तारीख नमूद केलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. आपल्याकडील गॅरेजचालकांनीही बिलावर जुना आकडा, नवा आकडा व तारीख लिहून देणे इष्ट ठरेल.

निष्कर्ष :
निदान अचूक झाल्यास अनावश्यक बदल टळतो व खर्च वाचतो. बदल करावाच लागला, तर त्याची लेखी नोंद ठेवावी. कारण पुढील ग्राहक त्या आकड्यावर विसंबूनच गाडीची किंमत व टायमिंग बेल्टसारख्या भागांचे उरलेले आयुष्य ठरविणार असतो.