उदंड पीक आणि शेतीचें अर्थशास्त्र

महाविद्यालयांत जाऊन शेतीचें अर्थशास्त्र शिकावयाचें म्हणजे काय, असें पालक आम्हांस वरचेवर विचारितात. नांगर धरण्यास पुस्तक कशाला, हा त्यांतील भाव. परंतु या शास्त्राचा पहिलाच धडा जुन्नर-आंबेगांवांतील घरोघरीं अनुभवाचा आहे.

सन २०२३ च्या मे महिन्यांत टोमॅटोच्या तोडणीचा खर्चही निघेना. जुलैंत नारायणगांवच्या बाजारांत २० किलोच्या क्रेटास २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला, आणि सप्टेंबरांत तो पुन्हां कोसळला. असें कां व्हावें?

टोमॅटो दुप्पट पिकला म्हणून कोणी दुप्पट खात नाहीं. अशा मागणीस अलवचीक मागणी म्हणतात. समजा, १०० क्रेट ३०० रुपयांनीं विकून ३०,००० आले. पुढें सर्वांचेंच पीक दीडपट होऊन भाव १५० वर उतरला, तर १५० क्रेटांचे २२,५०० च होतात. श्रम वाढले, उत्पन्न घटलें.

मग लागवड कमी कां होत नाहीं? शेतकरी रोप लावितो आजचा भाव पाहून. फळ हातीं येतें दोन-अडीच महिन्यांनीं. भाव चढा दिसला कीं सारेच लावितात व सर्वांचा माल एकदम बाजारांत येतो. एकट्यानें हात आंखडला तर भाव तसूभर हलत नाहीं, त्याचें मात्र पीक जातें. प्रत्येकजण शहाणपणानें वागतो आणि सर्व मिळून बुडतात. आमच्या मतें या शास्त्राचें मर्म हेंच.

भाव पडला असतां बांबू, तार व खत यांवरील खर्च हिशेबांत धरूं नये, तो गेला. तोडणी, क्रेट व गाडीभाडें यांहून अधिक मिळत असेल तरच तोडावें. उभें पीक सोडून देणारा शेतकरी आळशी नव्हे. त्यास हिशेब कळतो. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर गांवीं घरोघरचा असाच जमाखर्च मांडून तो १९१७ सालीं प्रसिद्ध केला.

योसेफानें मिसर देशांत सुकाळाचें धान्य दुष्काळासाठीं सांठविलें. मंचरकडील शेतकरी कांदा बराखींत ठेवून तेंच करूं पाहतो. टोमॅटोस तेवढी सवड नाहीं. सातगांव पठारावर बटाट्याचा दर कंपनीशीं आधींच ठरविण्याचीही रीत आहे. तींत तेजीचा लाभ हुकतो, पण मंदीचा धक्का टळतो. ज्याच्या शिरावर कर्ज आहे व ज्यास एका हंगामाचाही तोटा सोसवणार नाहीं, त्यानें ठरलेला दर घ्यावा असें आम्हांस वाटतें. मात्र सही करण्यापूर्वीं लहान वा कापलेला बटाटा कोणत्या दरानें घेणार, तें कलम मुलाकडून वाचवून घ्यावें.