चांद्याचा परकोट : वर्गाबाहेरील वस्तुसंग्रहालय

एस्टोनियातील तालिन नगराने आपल्या मध्ययुगीन तटाच्या एका बुरुजातच नगराच्या संरक्षणाचा इतिहास मांडून ठेविला आहे. गोंडपिपरी तालुक्यातील मुलांना इतके दूर जावयास नको. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट हेच त्यांचे संग्रहालय होय. मात्र तेथे वस्तूंवर चिठ्ठ्या नाहीत, ते काम शिक्षकास करावे लागते.

नगर खांडक्या बल्लाळशहाने वसविले, असे परंपरा सांगते. तट पुढील राजांच्या काळी पुरा झाला. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा अशी चार द्वारे आहेत. त्यांखेरीज हनुमान, विठोबा, चोर इत्यादी खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. द्वारांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंडराजांचे राजचिन्ह. मुलांनी ते पाठ करण्यापेक्षा स्वतः शोधून काढावे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी हाच तट फोडून नगर घेतले.

त्यानंतरचा शत्रू निराळा. झुडपांची मुळे सांध्यांत शिरली की चिरे ढळतात. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी कित्येक महिने खपून ही झाडी काढली. ती पुन्हा उगवतेच.

परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने आठवण म्हणून एकही दगड उचलू देऊ नये. सहलीपूर्वी फळ्यावर इरई व झरपट या नद्या काढाव्यात आणि कोणते द्वार कोणत्या नदीकडे उघडते, हे मुलांस प्रत्यक्ष जागेवर ठरवू द्यावे.