कवटी उघडली की मेंदू सरकतो

मेंदूचं वजन साधारण 1400 ग्रॅम. पण डोक्यात तो पाण्यासारख्या नितळ द्रवात तरंगत असतो आणि तिथे त्याचा भार जेमतेम 50 ग्रॅम उरतो. एवढा मऊ अवयव स्वतःच्याच वजनाने दबत नाही, तो या द्रवामुळे.

शस्त्रक्रियेसाठी कवटीला खिडकी पाडली, की द्रव ओघळतो, आतला दाब बदलतो आणि मेंदू खाली बसतो. कधी तब्बल एक सेंटिमीटर! गाठ दाखवणारा एमआरआय मात्र आधीच काढलेला असतो. मिलिमीटरपर्यंत चोख असलेला तो नकाशा ऐन वेळी चुकतो, आणि गाठीला खेटून कदाचित वाचेचं केंद्र असतं.

मग सरकलेली गाठ कॉम्प्युटरला शोधायला सांगतात. तो मेंदूचे हजारो चिमुकले तुकडे कल्पून प्रत्येकाची समीकरणं सोडवतो. विमानाच्या पंखांसाठी वाढलेल्या या पद्धतीला रे क्लॉ यांनी 1960 मध्ये ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. पण पंखाच्या धातूचा ताठपणा आधी मोजून ठेवता येतो. मेंदूचा ताठपणा माणसागणिक बदलतो, किती दाबलं आणि किती वेगाने दाबलं यावरही बदलतो. टेबलावरच्या रुग्णासाठी कोणता आकडा धरायचा?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथले कॅरॉल मिलर, ॲडम विटेक आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये दाखवलं, की त्या आकड्याने उत्तरात फारसा फरकच पडत नाही! मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. खिडकीतून दिसणारा मेंदूचा पृष्ठभाग किती खचला, हे मोजता येतं. ते माप गणिताला दिलं, की आतला प्रत्येक बिंदू कुठे जाईल हे मुख्यतः मेंदूच्या आकारावरून आणि त्याला वेढणाऱ्या कवटीवरून ठरतं. सगळीकडचा ताठपणा दुप्पट धरा. बळं दुप्पट होतील, जागा त्याच राहतील. आणि सर्जनला जागाच तर हवी असते.

उरला प्रश्न वेगाचा. रुग्ण टेबलावर असताना उत्तरासाठी तासभर थांबता येत नाही. याच गटाने 2007 मध्ये मांडलेली गणनपद्धत व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांवर काही सेकंदांत उत्तर देते.

प्रत्यक्ष कापण्याचं गणित मात्र अजून अवघड आहे. सुरी फिरली की तुकड्यांची जाळीच फाटते, ती नव्याने विणावी लागते. म्हणून पर्थचा गट आता अशी जाळी लागणारच नाही, नुसत्या बिंदूंवर भागेल, अशा गणितावर काम करतो आहे.