साडेआठ सेंटला एक आजोबा

फ्लॅटची नोंदणी झाली, पेढे अजून वाटून व्हायचेत, तोच मॉड्युलर किचनवाल्याचा फोन. मागोमाग कर्जवाला, सीसीटीव्हीवाला, पॅकर्स-मूव्हर्स. ‘कुणीतरी डेटा चोरला,’ म्हणून घरचे मोकळे होतात. शेजारी भर घालतात, मोबाइलचा माइक सगळं ऐकतो म्हणे!

माइकचं आधी निकालात काढू. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून बोलणं ऐकणारं एकही सापडलं नाही. आणि ऐकायची गरज तरी काय? लोकेशन, खरेदी, सर्च हे सगळं आपण ‘अलाउ’ दाबून आधीच देऊन बसलेलो असतो.

चोऱ्या होतात, त्यात वाद नाही. पण माहितीच्या दलालांचा, म्हणजे डेटा ब्रोकरांचा, मोठा व्यवहार रीतसर पावती फाडून होतो. कधी विक्रेता खुद्द सरकार असतं. २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं. व्यावसायिक खरेदीदाराला दर होता वर्षाला ३ कोटी रुपये. त्याच वर्षी जुलैत खात्याचे मंत्री नितीन गडकरींनी संसदेत सांगितलं की, ‘वाहन’ (गाड्यांच्या नोंदी) आणि ‘सारथी’ (वाहन परवान्यांच्या नोंदी) यांची माहिती ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना खुली केली असून त्यातून ६५ कोटी मिळाले. गाडीमालकांना कुणी विचारलं नव्हतं. २०२० मध्ये धोरण गुंडाळलं गेलं.

‘नाव काढून टाकलं की माणूस ओळखू येत नाही,’ हा समज तर शिकल्यासवरल्या लोकांतही पक्का असतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं वगळून संशोधकांना दिल्या. राज्याचे गव्हर्नर होते विल्यम वेल्ड. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने २० डॉलर मोजून, वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार निघाले सहा, त्यातले पुरुष तीन आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. दवाखान्याच्या नोंदींशी हे ताडून पाहिलं आणि गव्हर्नरसाहेबांचं दुखणंखुपणं तिच्या हातात आलं! जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर ८७ टक्के अमेरिकन नेमके ओळखता येऊ शकतात, असा हिशेब तिने पुढे मांडला.

उरला सगळ्यांत लाडका समज: ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’

याचं उत्तर अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या इन्फोयूएसए या कंपनीच्या याद्यांत मिळतं. खरगपूर आयआयटीत शिकलेल्या विनोद गुप्ता यांनी १९७२ मध्ये टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांवरून उभारलेला हा धंदा. कंपनी कोणत्या याद्या विकायची, हे २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. ‘सफरिंग सीनियर्स’ या यादीत कॅन्सर किंवा अल्झायमर झालेले ४७ लाख वृद्ध होते. ‘ओल्डीज बट गुडीज’मध्ये पंचावन्नच्या पुढचे पाच लाख जुगारी, नगाला साडेआठ सेंट. या याद्या भामट्यांनीही घेतल्या आणि म्हाताऱ्यांना फोन लावून लुबाडलं. त्या आजोबांकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा एकटेपणा आणि विसराळूपणा, तोच माल होता.

‘आता कायदा आलाय ना?’ आलाय, पण पूर्ण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. दंड २५० कोटींपर्यंत आहे. मात्र जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, तिला या कायद्याचं कवच नाही.

तोवर एक साधी गोष्ट हातात आहे. बिल करताना मोबाइल नंबरची सक्ती दुकानदाराला करता येत नाही, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावलंय. पुढच्या वेळी काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हटलं की, ‘नंबराशिवाय बिल करा,’ असं सांगून बघा.